रंग आला नाही, म्हणजे पदार्थ नाही? जागच्या जागी करायच्या रंगचाचण्यांविषयी

जलपरीक्षक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पाणी तपासण्याच्या कामात असल्यामुळे मी दिवसभर रंग वाचत असतो. चिमूटभर भुकटी किंवा एखादी गोळी नमुन्यात टाकायची, मिनिटभर थांबायचे, आलेली छटा तक्त्याशी ताडून पाहायची आणि वहीत आकडा लिहायचा, असे हे काम आहे. प्रयोगशाळेत नमुना पाठवून दोन दिवस वाट पाहण्यापेक्षा जागेवर दोन मिनिटांत उत्तर मिळते, आणि म्हणूनच या चाचण्यांना पर्याय नाही, हे मी आधीच मान्य करतो. धागा काढण्याचे कारण मात्र एक फजिती आहे.

साठवणीची एक टाकी धुऊन तिच्यात जंतुनाशनासाठी क्लोरीनचे तीव्र द्रावण सोडले होते. नेमून दिलेला वेळ उलटल्यावर माझ्या सहकाऱ्याने डीपीडी या रंग देणाऱ्या रसायनाच्या गोळीने पाणी तपासले. मुक्त क्लोरीन असेल तर डीपीडीमुळे पाणी गुलाबी होते आणि जितके क्लोरीन अधिक तितका गुलाबी रंग गडद होतो, एवढे आम्हां सर्वांना पाठ आहे. पाणी स्वच्छ, बिनरंगी राहिले. सहकाऱ्याने वहीत ‘शून्य’ लिहिले आणि क्लोरीन उडून गेले असावे असे समजून आणखी मात्रा घालण्याची तयारी सुरू केली. मी शेजारीच उभा होतो. दुसरी गोळी टाकताना मी नळी डोळ्यांजवळ धरली, तेव्हा गोळीच्या कडेला गुलाबी रंगाची एक झाक उमटली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विरून गेली. मग आम्ही एक भाग नमुना आणि नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी असे मिश्रण करून पुन्हा गोळी टाकली, तर नळी गडद गुलाबी झाली. तक्त्यावर ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे मूळ पाण्यात सुमारे ३०. आमच्या संचाची मर्यादाच मुळी ५ आहे.

घडले ते असे. क्लोरीन डीपीडीचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून गुलाबी रंगाचा रेणू तयार होतो. परंतु क्लोरीन फार झाले की तोच रेणू आणखी एक पायरी पुढे ढकलला जातो आणि त्या पुढच्या पायरीवरचा पदार्थ रंगहीन असतो. म्हणजे ‘काहीच नाही’ आणि ‘अतोनात आहे’ या दोन टोकांना चाचणीचे उत्तर एकच येते.

त्या दिवसापासून मला रंग येण्यापेक्षा रंग न येण्याची अधिक धास्ती वाटते. आलेल्या रंगाबद्दल आपण निदान शंका घेतो, दुसऱ्यांदा पाहतो, कोणाला तरी दाखवतो. न आलेला रंग मात्र मुकाट्याने ‘नाही’ म्हणून वहीत जातो. आपापल्या क्षेत्रात असे काही पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

रात्रपाळी

फार मोलाचा विषय. मी शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात काम करते. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातल्यावर ती खरोखर श्वासनलिकेतच गेली आहे की चुकून अन्ननलिकेत, हे पाहण्यासाठी नळीच्या तोंडाशी एक छोटे पारदर्शक उपकरण जोडता येते. त्यात सामू दाखवणारा रंग शोषलेला कागद असतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे कागद किंचित आम्लधर्मी होतो आणि जांभळ्याचा पिवळा होतो. पुढच्या श्वासाबरोबर ताजी हवा आत गेली की पुन्हा जांभळा.

इथे धागाकर्त्यांचा मुद्दा जिवावर बेतू शकतो. हृदय थांबलेल्या रुग्णात रक्ताभिसरण जवळजवळ नसल्यामुळे फुप्फुसांपर्यंत कार्बन डायऑक्साइड पोहोचतच नाही, आणि नळी अचूक जागी असूनही कागद जांभळाच राहू शकतो. केवळ त्या रंगावर विसंबून कोणी योग्य जागची नळी उपसून काढली, तर काय होईल ते सांगायला नको. उलट बाजूही आहे. रुग्णाने थोड्या वेळापूर्वी फसफसणारे पेय घेतले असेल आणि नळी अन्ननलिकेत गेली असेल, तर जठरातला वायू पहिल्या काही श्वासांत कागद पिवळा करतो आणि नंतर तो रंग मावळतो. म्हणून आम्हांला शिकवले जाते की किमान सहा श्वास होऊ द्यावेत आणि मगच बोलावे. जठरातील आम्ल कागदावर उडाले तर तो कायमचा पिवळा होऊन बसतो, तेही लक्षात ठेवावे लागते.

म्हणजे या उपकरणात आम्ही एखादी छटा वाचत नाही, तर रंगाची ये-जा वाचतो. एकाच रंगावर थिजलेला कागद, मग तो जांभळा असो वा पिवळा, आमच्या दृष्टीने उत्तर नव्हे. जिथे शक्य आहे तिथे आता आलेख काढणारे यंत्र वापरतात आणि तेच योग्य आहे; परंतु यंत्र हाताशी नसताना हा कागदच सोबतीला असतो.

कुतूहल

मी या क्षेत्रातला नाही, म्हणून अगदी प्राथमिक प्रश्न विचारतो. रंग बदलतो म्हणजे रेणूत नेमके काय बदलते? आणि इतके वेगवेगळे पदार्थ आपापला रंग कसा दाखवतात?

काचपात्र

प्रश्न प्राथमिक नाही. पदार्थ ज्या रंगाचा प्रकाश शोषतो तो वगळून उरलेला प्रकाश आपल्याला दिसतो. रेणूतील इलेक्ट्रॉन किती अंतरापर्यंत सलग पसरलेले आहेत यावर तो कोणता प्रकाश शोषील हे ठरते. फिनॉल्फ्थॅलिन घ्या. आम्लात त्याच्या रेणूची तीन कडी एका मध्यवर्ती कार्बनमुळे एकमेकांपासून तुटल्यासारखी असतात, म्हणून तो दृश्य प्रकाश शोषत नाही. सामू साधारण ८.२ च्या वर गेला की रेणूची रचना उलगडते, इलेक्ट्रॉनांना मोठे अंगण मिळते आणि गुलाबी रंग येतो. धागाकर्त्यांसाठी मुद्दाम सांगतो, अत्यंत तीव्र आम्लारीत, सामू १३ च्या आसपास, हायड्रॉक्साइड त्या मध्यवर्ती कार्बनाला चिकटते, सलगता पुन्हा तुटते आणि गुलाबी रंग हळूहळू नाहीसा होतो. तुमच्या डीपीडीचा हा सख्खा भाऊच म्हणायचा.

काही चाचण्यांत आधीपासून असलेला रंग बदलत नाही, तर नवाच रंगद्रव्याचा रेणू जागेवर बांधला जातो. पाण्यातील नायट्राइट ओळखण्याची ग्रीस यांची चाचणी, जी १८७९ पासून वापरात आहे, ती अशीच. नायट्राइट एका अमाइनला सक्रिय करते, तो दुसऱ्या अमाइनला जोडला जातो आणि गुलाबी-लाल ॲझो रंग तयार होतो. ज्या जातीचे रंग कापड रंगवायला वापरतात, त्याच जातीचा हा रेणू. नायट्रेट मोजायचे असेल तर आधी जस्ताच्या किंवा कॅडमियमच्या साहाय्याने त्याचे नायट्राइट करून घ्यावे लागते, आणि ही पायरी अर्धवट झाली की रंग फिका येतो.

तिसरा प्रकार सोन्याचा. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात सुटे असले की लाल दिसतात आणि एकमेकांना बिलगले की निळसर होतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच अशा लाल द्रावणांचा अभ्यास केला होता. धातू तोच, वस्तुमान तेच. केवळ कणांमधील अंतर बदलते आणि रंग पालटतो. मला स्वतःला या तिन्हींत हा प्रकार सर्वांत देखणा वाटतो.

आणि या सगळ्याची सुरुवात फुलांच्या रसापासून झाली. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ च्या आपल्या ग्रंथात व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवा होतो हे नोंदवले आहे. शाळेतला लिटमस तर दगडफुलाच्या जातीतून काढतात.

कुतूहल

‘इलेक्ट्रॉनांना मोठे अंगण’ हे लक्षात राहील. आभार.

पट्टी_आणि_घड्याळ

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत लघवीच्या पट्ट्या वाचण्यात बरीच वर्षे घालवली आहेत. रंग न येण्याचे आमच्याकडचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे क जीवनसत्त्व. पट्टीवरच्या साखर दाखवणाऱ्या चौकोनात दोन विकरे (एन्झाइम) असतात. पहिले ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघते. दुसरे त्या पेरॉक्साइडच्या साहाय्याने रंगद्रव्य घडवते. रुग्ण क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेत असेल तर ते लघवीत उतरते आणि मधल्या मध्ये पेरॉक्साइड गिळून टाकते. साखर आहे, पहिले विकर इमानाने काम करते आहे, पण निरोप पुढे पोहोचतच नाही. रक्ताच्या चौकोनाचेही तेच, कारण तिथेही पेरॉक्साइडवरच मदार असते. काही पट्ट्यांत यावर उपाय केलेला असतो, तरी डबीवरची सूचना वाचल्याशिवाय तो गृहीत धरू नये.

नायट्राइटचा चौकोन म्हणजे वर सांगितलेली ग्रीस चाचणीच. लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट जिवाणू करतात, म्हणून गुलाबी रंग आला तर जंतुसंसर्गाची शक्यता बळावते. पण सगळेच जिवाणू हे काम करत नाहीत, आणि जे करतात त्यांनाही लघवी मूत्राशयात सुमारे चार तास तरी साठलेली असावी लागते. रुग्ण दर तासाला लघवीला जात असेल, जे संसर्गात हमखास होते, तर चौकोन पांढराच राहणार. आजाराचे लक्षणच चाचणीला आंधळे करते, असा हा विचित्र प्रकार आहे.

शिवाय वेळ. एकाच पट्टीवर साखर ३० सेकंदांनी वाचायची आणि पांढऱ्या पेशी २ मिनिटांनी. नवखा मनुष्य सगळे चौकोन एकदम वाचतो. आमच्याकडे नव्याने येणाऱ्यांना मी आधी घड्याळ आणि मग पट्टी हातात देते. डबीचे झाकण उघडे टाकणाऱ्यांविषयी इथे लिहीत नाही, भाषा बिघडेल.

दुसरी_बाजू

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मला धागाकर्त्यांचा मूळ सूर एकांगी वाटतो. आलेल्या रंगाबद्दल आपण शंका घेतो, असे त्यांनी लिहिले आहे. खरोखर घेतो का? अमली पदार्थांच्या जागेवरच्या चाचण्यांकडे पाहा. कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेट वापरतात आणि निळा रंग आला की संशय पक्का झाला असे मानतात. पण ॲलर्जीवरच्या गोळ्यांतले डायफेनहायड्रामीन आणि बधिरता आणणारे लिडोकेन हेही तोच निळा रंग देऊ शकतात, कारण अभिकर्मक (चाचणीचे रसायन) त्या विशिष्ट रेणूला नव्हे, तर रेणूच्या एका भागाला ओळखतो. अशी चाचणी केवळ प्राथमिक समजावी आणि निर्णय प्रयोगशाळेतील वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमिती (जीसी-एमएस) या तपासणीनेच व्हावा, हे सर्वमान्य आहे. तरीही निळा रंग पाहिला की माणसे थांबत नाहीत. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून तो पुराव्यासारखा वाटतो.

आकडेमोडही करून पाहू. समजा १००० नमुन्यांपैकी २० मध्येच तो पदार्थ आहे, आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. ती २० पैकी १९ पकडेल, पण उरलेल्या ९८० पैकी ४९ निर्दोष नमुन्यांतही रंग दाखवेल. रंग आलेल्या ६८ नमुन्यांपैकी खरे फक्त १९. अशा ठिकाणी धास्ती कशाची वाटायला हवी?

जलपरीक्षक (धागाकर्ता)

आक्षेप मान्य आहे, आणि माझे वाक्य माझ्या कामापुरते खरे होते हेही मान्य करतो. तुमच्याच आकडेमोडीत मला आणखी एक गोष्ट दिसते. रंग न आलेल्या ९३२ नमुन्यांत फक्त एक चुकीचा आहे, म्हणजे तिथे ‘रंग नाही’ हे उत्तर फार भरवशाचे ठरते. पण हे गणित असे धरून चालते की चाचणी चुकते ती सगळीकडे सारख्याच प्रमाणात, योगायोगाने. माझ्या टाकीत, किंवा क जीवनसत्त्व घेणाऱ्या रुग्णात, ती योगायोगाने चुकत नाही. तो नमुना शंभर वेळा तपासला तरी शंभर वेळा तेच उत्तर येईल. टक्केवारीत ही चूक दिसत नाही, नमुन्याची पार्श्वभूमी विचारली तरच दिसते.

बोगदा

बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी हवा तपासण्याच्या काचनळ्यांविषयी लिहितो, कारण त्यांनी छटा ओळखण्याचा प्रश्न फार हुशारीने टाळला आहे. नळीत अभिकर्मक चोळलेले दाणे भरलेले असतात. दोन्ही टोके मोडायची, नळी हातपंपात बसवायची आणि ठरलेल्या संख्येने हवा ओढायची. बहुतेक पंप एका दाबात १०० मिलिलिटर हवा ओढतात. वायू असेल तर दाणे एका टोकापासून रंगत जातात, आणि रंग जिथवर पोहोचला तिथला आकडा नळीवरच छापलेला असतो. म्हणजे रंग किती गडद आहे हे न पाहता तो किती लांब गेला एवढेच पाहायचे. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी नळी लॅम्ब आणि हूवर यांनी १९१९ च्या सुमारास तयार केली, तेव्हापासून अशा काचनळ्यांची कल्पना चालत आली आहे.

हायड्रोजन सल्फाइडसाठी शिशाची लवणे वापरतात. वायू लागला की काळपट तपकिरी शिसे-सल्फाइड तयार होते. हा वायू नाकाने ओळखू असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होते. नाकाचाही रंग उडतो म्हणा.

आता मूळ मुद्दा. पंप गळका असेल तर ठरलेली हवा नळीतून जातच नाही, आणि रंग कमी येतो किंवा येतच नाही. म्हणून आम्ही प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, टोके न मोडलेली नळी पंपात खोचून भाता पूर्ण दाबतो आणि सोडून देतो. भाता काही मिनिटे दबलेलाच राहिला पाहिजे. तो हळूहळू फुगू लागला तर कुठेतरी गळती आहे, आणि त्या पंपाने मिळणारे ‘सुरक्षित’ हे उत्तर कवडीमोलाचे आहे. एकदा रबरी खाचेत काचेचा बारीक कण अडकल्यामुळे आमचा भाता फुगत होता. तो कण नखाच्या टोकावर जेमतेम दिसत होता.

तिरपा_उजेड

मला लाल आणि हिरव्या छटांतला फरक नीट कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला हा दोष असतो, असे पाठ्यपुस्तकांत दिलेले असते, म्हणजे मी काही दुर्मीळ प्राणी नव्हे. तरीही तक्ते छापणारे नारिंगी, पोपटी आणि हिरवट तपकिरी चौकोन शेजारी शेजारी का छापतात, हे कोडे मला उलगडलेले नाही.

म्हणून मी मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे वळलो. पहिला धडा असा की कॅमेरा मुळीच तटस्थ नसतो. एकच सामूपट्टी मी खिडकीपाशी आणि मग पिवळ्या दिव्याखाली टिपली, तर दोन चित्रांतून दोन वेगळे सामू निघाले, कारण प्रत्येक वेळी फोनने ‘पांढरे कशाला म्हणायचे’ हे आपल्या मनाने ठरवले होते. उपाय एकच, पट्टीच्या शेजारी ज्ञात रंगांचे चौकोन ठेवून सर्व एकाच चित्रात घ्यायचे आणि पट्टीचा रंग त्यांच्या तुलनेत काढायचा. ओली पट्टी चकाकते, म्हणून उजेड तिरपा हवा. माझे टोपणनाव तिथूनच आले.

याच्या पुढची पायरी म्हणजे अनेक ठिपक्यांचा संच. इलिनॉय विद्यापीठातील केनेथ सस्लिक यांच्या गटाने २००० मध्ये धातुयुक्त पॉर्फिरिनांचे (एका जातीच्या रंगद्रव्यांचे) ठिपके वापरून वास ‘पाहण्याची’ पद्धत मांडली. एकही ठिपका एकाच पदार्थाशी एकनिष्ठ नसतो. पण वायू लागण्यापूर्वीचे आणि नंतरचे चित्र वजा केले की ठिपक्यांच्या बदलांची जी नक्षी उरते, ती त्या पदार्थाची ओळख ठरते. ‘दुसरी_बाजू’ यांनी ज्या बेइमानीवर बोट ठेवले आहे, तिचाच इथे उपयोग करून घेतला आहे.

काचपात्र

वा. आणि इथे ‘रंग बदलला नाही’ हीसुद्धा नक्षीतली एक माहितीच असते, हे विशेष.

विहीर_आणि_दोर

पाण्यातील आर्सेनिकच्या संचाविषयी थोडक्यात. जस्त आणि आम्ल घालून आर्सेनिकचा आर्सीन वायू करायचा आणि तो पारद ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पाडतो का ते पाहायचे, अशी ही पद्धत आहे. पाण्यात सल्फाइड असेल तर कागद त्यानेही रंगतो, म्हणून ते आधीच अडवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि त्या पातळीवरचा डाग इतका फिका असतो की दोन माणसे तो दोन प्रकारे वाचतात. चाचणी उघड्या हवेत करावी. आर्सीन अत्यंत विषारी आहे. अशा फिक्या डागांबाबत धागाकर्ते प्रत्यक्षात काय करतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

जलपरीक्षक (धागाकर्ता)

फिका डाग दुसऱ्या माणसाला दाखवतो, आणि पहिल्याने काय वाचले ते त्याला सांगत नाही. मर्यादेच्या आसपासचा प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत जातो, त्यात घासाघीस नाही.

बिनरंगी उत्तरासाठी मात्र आता एक शिस्त लावून घेतली आहे. रंग आला नाही की त्याच नमुन्याचा दुसरा भाग घेऊन त्यात शोधत असलेल्या पदार्थाची ज्ञात मात्रा मुद्दाम घालतो. एवढी भर घातल्यावर अपेक्षित रंग आला, तर पहिले ‘नाही’ विश्वासार्ह. भर घालूनही नळी बिनरंगीच राहिली, तर त्या पाण्यात रंग दाबणारे काहीतरी आहे, किंवा गोळी मेलेली आहे, किंवा टाकीसारखा अतिरेक आहे. यातले कोणते ते ठरवायला शुद्ध पाण्यात तीच भर घालून पाहतो आणि नमुना दहापट पातळ करून पाहतो. दहा मिनिटे जातात, पण वहीत शून्य लिहिताना हात थरथरत नाही.

कुतूहल

शेवटची शंका. घरी करायच्या गर्भधारणा चाचणीत ‘नियंत्रण रेषा’ असते. ती उमटली म्हणजे चाचणी बरोबर चालली, असे त्यावर लिहिलेले असते. मग तिथे तरी रंग न येणे म्हणजे ‘नाही’ ना?

पट्टी_आणि_घड्याळ

बहुतेक वेळा हो, दिवस पुरेसे उलटले असतील तर. पण नियंत्रण रेषा इतकेच सांगते की द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि सोन्याचे कण लावलेली प्रतिपिंडे जिवंत आहेत. चाचणी ज्याला शोधते ते गर्भधारणेचे संप्रेरक अतिशय जास्त असेल, तर त्याचे काही रेणू सोन्याच्या कणांवरची प्रतिपिंडे अडवून बसतात आणि काही चाचणी रेषेवरची. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणून रेणू उरतच नाही, त्यामुळे कण रेषेवर अडकत नाहीत आणि रेषा फिकी पडते, क्वचित उमटतही नाही. नियंत्रण रेषा मात्र झोकात उमटलेली असते. असा संशय आला की आम्ही तेच करतो जे धागाकर्त्यांनी टाकीपाशी केले: नमुना पातळ करून नवी पट्टी बुडवतो, आणि मग पहिल्या वेळी न दिसलेली रेषा दिसते.